चौऱ्याहत्तर नंबरची लाइन

१

चंद्रिका ड्राइव्ह-इनला टाळं लागून चार महिने झाले होते. तरी धनसे सर सलग तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाला तिथल्या प्रोजेक्टरच्या खोलीत येऊन बसले होते आणि कामाला लागण्यापूर्वी चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता. पण कुठलंही काम हाती घेताना आपल्याकडून काहीतरी चुकणार, अशी धाकधूक त्यांना जन्मभर वाटत आली होती, आणि चष्मा पुसला की ती मिनिटभर पुढं ढकलता येई.

डॉ. शौकत धनसे, वय अडुसष्ट. मुंबईतल्या एका कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, ध्वनी या विषयात डॉक्टरेट मिळवली. एकोणऐंशी साली तळवली गावाच्या खाली, खाडीच्या अंगाला हे थिएटर उभं राहिलं तेव्हा मालकांनी जमिनीखालच्या वायरींची सगळी आखणी त्यांच्याकडून करून घेतली होती. दोनशे दहा मोटारी ओळीनं लागायच्या. प्रत्येकीच्या शेजारी एक लोखंडी खांब, खांबाच्या आकड्याला टांगलेला पुस्तकाएवढा स्पीकर. गाडी लावायची, स्पीकर काढून काचेवर अडकवायचा आणि समोरच्या चार मजली पांढऱ्या पडद्याकडं बघत बसायचं. दोनशे दहा लाइनी जमिनीखालून या खोलीतल्या पॅनेलवर येऊन मिळत.

आधी व्हिडिओ आला, मग केबल आली. माणसं घरात पलंगावर लोळून सिनेमे बघू लागली. खाऱ्या वाऱ्यानं पडद्याचे पत्रे गंजले आणि नट्यांच्या गालांवरून तांबडे ओघळ वाहताना दिसू लागले. शेवटच्या वर्षी रविवारीसुद्धा आठ-दहा गाड्या असत. त्यातही निम्म्या लोकांचं पडद्याकडं लक्ष नसे. मग एक दिवस फाटकावर पाटी लागली. आता शनिवारी बुलडोझर येणार होता. त्याआधी जमिनीखालची तांब्याची तार काढून घ्यायची होती आणि कुठली लाइन कुठून जाते ते फक्त सरांच्या निळ्या नकाशावर होतं.

कामाची रीत सोपी होती. तळवलीचा गोटीराम खाली मैदानात एकेका खांबापाशी जाई आणि पान्याच्या दांड्यानं स्पीकरवर दोनदा टकटक करी. सर वर त्या नंबरच्या लाइनीत इअरफोन खुपसून बसलेले असत. स्पीकर उलटा जोडला की तो कान होतो. तो बोलायचं सोडून ऐकायला लागतो. हे ते दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगत, आणि पोरांना ते खोटं वाटे. टकटक ऐकू आली की सर खिडकीतून पांढरा रुमाल हलवत आणि नकाशावर खूण करत. गोटीराम पुढं सरके. एखाद्या खांबावर स्पीकरच नसला, तर तो दोन्ही हात वर करून फुली दाखवी. तशा जागा बऱ्याच होत्या. सिनेमा संपल्यावर काचेवरचा स्पीकर काढून ठेवायला लोक विसरत आणि गाडी तशीच दामटत. वायर तुटून स्पीकर गाडीबरोबर निघून जाई. दुसऱ्या दिवशी एखादा भला माणूस ओशाळत परत आणून देई. बाकीचे येत नसत.

एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर. टकटक, रुमाल. टकटक, रुमाल.

चौऱ्याहत्तरला गोटीरामनं दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली दाखवली. स्पीकर नाही. सरांना ते ठाऊक होतंच. ते इअरफोन काढायला गेले, तेवढ्यात कानात आवाज आला.

टक. टक.

त्यांनी वर पाहिलं. गोटीरामचे दोन्ही हात अजून हवेतच होते.

२

दुपारच्या चहाला गोटीराम वर आला तेव्हा सरांनी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, की चौऱ्याहत्तरच्या खांबाला पाना लागला होता का. गोटीराम हसला. या थिएटरात तो आधी ऑपरेटरचा मदतनीस आणि पुढं राखणदार म्हणून सोळा वर्षं होता. त्याआधी याच मैदानाखाली त्याच्या बापाचं भातखाचर होतं.

"सर, दोन्ही हात तुमाला दाखवलं ना मी. तिसरा हात नाय मला."

सरही हसले. चहा गार होईपर्यंत त्यांनी मनात कारणं मांडली. शेजारच्या लाइनीतून आवाज झिरपला असेल; वायरींवरचं रबर सोळा वर्षांत कुजलंय. खाडीपलीकडच्या कुठल्या वायरलेसचा ठोका पकडला गेला असेल. आपलेच कान वाजत असतील; अडुसष्टाव्या वर्षी वाजतात. तिन्ही कारणं चांगली होती. वर्गात कुणी दिली असती तर त्यांनी पूर्ण गुण दिले असते.

गोटीराम खाली गेल्यावर त्यांनी मीटर लावून चौऱ्याहत्तर तपासली. काटा जागचा हलला नाही. लाइन तुटलेली. तिच्यातून काहीही येऊ शकत नव्हतं. त्यांनी आजूबाजूच्या दहा लाइनी पॅनेलपासून सोडवल्या आणि पुन्हा इअरफोन लावला.

टकटक नव्हती. नुसती शांतता होती. पण शांतता शांततेत फरक असतो, हे धनसे सरांइतकं कुणाला ठाऊक असणार? उघड्या मैदानाची शांतता पसरट असते, तिच्यात वारा असतो, लांबच्या केमिकल कंपनीचा भोंगा असतो. ही तशी नव्हती. ही जवळची, दबलेली, कापसात गुंडाळल्यासारखी होती. काचा वर घेतलेल्या मोटारीच्या आतली. सीटची स्प्रिंग किंचित करकरली. कुणीतरी बूड हलवून बसलं होतं.

सरांनी इअरफोन काढून टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसायला घेतला.

चौऱ्याहत्तरचा स्पीकर नेणारी मोटार कुठली, हे त्यांना शोधावं लागणार नव्हतं. ती त्यांची स्वतःची पांढरी फियाट होती.

सात वर्षांपूर्वी, अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात, ते, शकिला आणि मुलगा मुझम्मिल इथं सिनेमाला आले होते. मुझम्मिल तेव्हा बावीस वर्षांचा. इंजिनियरिंग सोडून तो बहारीनला मामाच्या दुकानात जायचं म्हणत होता. मध्यंतरानंतर गाडीत विषय निघाला आणि वाढला. सरांनी मागं न बघता त्याला गाडीतून उतरायला सांगितलं. मुझम्मिल उतरला. दार त्यानं आपटलं नाही. अगदी हळू लावलं. शकिला म्हणाली, येईल तो, थांबू या. सर पाच मिनिटंही थांबले नाहीत. चालत येऊ दे, म्हणाले, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल. त्यांनी गाडी सुरू केली आणि रागाच्या भरात काचेवरचा स्पीकर काढायचा राहिला. ज्यांनी तिकिटामागं 'निघताना स्पीकर काढून ठेवा' अशी सूचना छापून घेतली होती, त्यांच्याच गाडीनं वायर तोडली. लोंबणारा स्पीकर त्यांनी ओढून मागच्या सीटवर, मुलाच्या रिकाम्या जागी टाकला.

मुझम्मिल चालत आला नाही. बहारीनलाही पोचला नाही. पोलीस झाले, इस्पितळं झाली, खाडीच्या काठचे कोळी झाले. पुढं फियाट विकली, तेव्हा स्पीकर बहुधा तिच्यातच गेला. त्यांनी पाहिलं नाही.

३

वाशीच्या घरी ते पोचले तेव्हा शकिलाबाई ओट्याशी कोळंबी सोलत होत्या. कुठवर आलं, असं त्यांनी वळून न बघता विचारलं. सरांनी सांगितलं, की दीडशेपर्यंत झालं, उद्या-परवात संपेल. मग वर्तमानपत्र उघडलं.

या घरात भांडण असं सात वर्षांत झालं नव्हतं. शकिलाबाई वेळेवर डबा करत, त्यांच्या गोळ्या काढून ठेवत, त्यांचा सदरा उन्हात घालत. फक्त त्या रात्रीबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या. लोक म्हणत, बाईंनी किती समजून घेतलं. सरांना वाटे, एकदा ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या न बोललेल्या वाक्याशेजारी ते सात वर्षं झोपत होते आणि त्यात आता ते अगदी दमून गेले होते.

जेवताना शकिलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि म्हणाल्या, "दीडशेपर्यंत झालं म्हणजे चौऱ्याहत्तर पण झालं असेल."

नंबर त्यांच्या लक्षात आहे, हे सरांना ठाऊक नव्हतं.

"झालं."

"काय होतं तिथं?"

"काय असणार? खांब आहे. स्पीकर नाही."

शकिलाबाईंनी मान हलवली. त्या ताटातल्या शितांशी चाळा करत राहिल्या.

"मी किती वेळा मनात केलंय," त्या म्हणाल्या. "आपण बसून राहिलोय. सिनेमा संपलाय, सगळ्या गाड्या गेल्यात, आपली तेवढी उभी आहे. तुम्ही म्हणताय, थांबू या, येईल तो. मग तो येतो." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "रोज करते. त्याशिवाय झोप येत नाही."

सरांना काहीतरी बोलायचं होतं. माफ कर, म्हणायचं असेल. पण इतक्या वर्षांनी ते फार छोटं वाटलं, म्हणून त्यांनी आणखी थोडा भात मागितला.

४

गुरुवारी उरलेल्या लाइनी भराभर उरकून त्यांनी गोटीरामला मुद्दाम लांबच्या ओळीला, पडद्याच्या पायथ्याशी पाठवलं. तिकडं गवत वाढलंय ते कापून ठेव म्हणाले. खोलीचं दार लावलं. आत प्रोजेक्टर काढून नेल्याच्या चार खुणा जमिनीवर होत्या आणि भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून उन्हाची एक पट्टी पॅनेलवर पडली होती. बाहेर रखरखीत अकरा वाजले होते. असल्या उन्हात माणूस कशाला भिणार, असं त्यांनी स्वतःला विचारलं आणि इअरफोन चौऱ्याहत्तरमध्ये खुपसला.

गाडी तिथंच होती.

आता त्यांना अधिक ऐकू येत होतं. डॅशबोर्डावरच्या घड्याळाची टिकटिक. ते घड्याळ सरांनी स्वतः बसवलं होतं. मग कुणीतरी खोकलं. दोन छोटे खोकले, मध्ये एक श्वास, मग तिसरा. हा खोकला कुठंतरी ऐकलाय, असं त्यांना वाटलं. कुणाचा ते आठवेना. आठवलं तेव्हा त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला.

"येईल," कानातला माणूस म्हणाला. "घाई नाही आपल्याला."

आवाज सरांचाच होता. जरा भरदार, सात वर्षांनी तरुण. पण वाक्य त्यांचं नव्हतं. असं वाक्य ते कधीच बोलले नव्हते. की बोलले होते? त्यांनी डोळे मिटले. आपण निघू या म्हणालो. नक्की म्हणालो. मग घरी पोचलो, ते कसे? गाडी आपणच चालवली. पुलावर ट्रक अडला होता का? तो दुसऱ्या दिवशी? सात वर्षं जी रात्र त्यांनी रोज उगाळली होती, तिचे कोपरे अचानक हाताला लागेनात. ज्याला स्वतःच्या प्रत्येक गोष्टीची शंका, त्याला स्वतःच्या गुन्ह्याची तेवढी खात्री होती. तीही आता सुटू लागली.

पॅनेलच्या कडेला घोषणेचा माइक होता. गाडी क्रमांक अमुक, दिवे बंद करा, असं सांगायला. बटण दाबलं की इथला आवाज लाइनीतून जाई. सरांनी बटणावर बोट ठेवलं. पण बोलणार काय? तिथं शांतपणे वाट पाहत बसलेल्या माणसाला, मी निघून गेलो, असं सांगणार? तो विचारील, तू कोण?

त्यांनी बोट काढून घेतलं.

कानात पुन्हा टकटक झाली. तो माणूस बोटानं स्पीकरवर ताल धरून बसला होता, अगदी सवयीनं, वाट पाहणारी माणसं धरतात तसा. सरांनी खाली पाहिलं. त्यांचं स्वतःचं बोट टेबलावर तोच ताल धरत होतं. कधीपासून, कोण जाणे.

५

दुपारी केतन आला. गोटीरामचा पुतण्या, तिशीतला. तार काढायचं आणि सपाटीकरणाचं काम त्यानं घेतलं होतं. डोळ्यांवर गॉगल, कमरेला पेजर. जिन्यावरूनच तो बोलत वर आला.

"काय सर, पिच्चर संपून चार महिने झाले, तुम्ही अजून खुर्ची सोडत नाय! मालक पन एवढं बसले नाय कधी."

काका कुठं आहेत म्हणून त्यानं झरोक्यातून पाहिलं आणि गवत कापणाऱ्या गोटीरामला बघून त्याला हसू आवरेना. परवा जिथं बुलडोझर फिरणार तिथं काका हजामत करतायत, म्हणाला. मग नकाशा हातात घेऊन त्यानं खुणा पाहिल्या. सगळ्या लाइनी तपासून झाल्या होत्या. एका चौकोनात मात्र काही नव्हतं.

"हे चौऱ्याहत्तर काय ठेवलंय?"

सरांनी त्याला सांगितलं, की त्या लाइनीत दोष आहे आणि आणखी एक दिवस लागेल. खोटं बोलताना त्यांचे कान तापले. केतननं त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं. तो पोरगा वाईट नव्हता.

"सर, टेन्शन घेऊ नका. उद्या दुपारी दीडला माझी मानसं येतील, सगळंच उपटतील. एक लाइन हिकडंतिकडं झाली तर कोन विचारतंय?"

६

शुक्रवारी सकाळी सर निघाले तेव्हा शकिलाबाई साडी बदलून, डोक्यावर पदर घेऊन दारात उभ्या होत्या. मीही येते, म्हणाल्या. सरांनी तीन-चार कारणं सांगितली: ऊन, धूळ, जिना. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि रिक्षात जाऊन बसल्या.

मैदानात पोचल्यावर त्या वर आल्याच नाहीत. गोटीरामकडून एक खुर्ची मागून घेतली. तो म्हणाला, बाई, सावलीत ठेवतो. त्यांनी नको म्हणून हात केला आणि सरांना न विचारता, दोनशे दहा सारख्या खांबांतून वाट काढत नेमक्या चौऱ्याहत्तरपाशी गेल्या. गोटीराम खुर्ची घेऊन मागं. खुर्ची खांबाच्या डाव्या हाताला ठेवायला लावली. फियाटमध्ये त्यांची जागा होती तिथं.

सर तिथवर गेले.

"तुम्ही वर कानाला लावून बसता, तेव्हा इथलं ऐकू येतं?" शकिलाबाईंनी विचारलं.

"या खांबाचं नाही. स्पीकर नाही ना इथं."

"मग ठीक आहे." त्यांनी वर पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी सरांच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं असेल. "तुम्ही फार दमलात. जा, वर पंखा आहे."

वर पंखा नव्हता. तो केव्हाच काढून नेला होता. सर बावीस पायऱ्या चढून गेले, कारण शकिलाजवळ थांबायचं धाडस त्यांना होत नव्हतं, आणि वर न ऐकता बसणंही होत नव्हतं.

इअरफोनात आधी घड्याळ होतं. झरोक्यातून खाली उन्हात शकिलाबाई एकट्या खुर्चीवर बसलेल्या दिसत होत्या, पाठमोऱ्या, लहानशा. त्यांची मान जराशी उजवीकडं वळली.

कानात मोटारीचं दार उघडल्याचा आवाज आला. कापड सळसळलं, स्प्रिंग करकरली. दार लागलं.

"ऊन लागलं का?" तो माणूस म्हणाला.

"सवय झालीय," शकिलाबाई म्हणाल्या.

"पाणी पी. काच थोडी खाली घेतो."

झरोक्यातून शकिलाबाई अजून खुर्चीवरच दिसत होत्या. सरांनी डोळे चोळले. उन्हानं मैदान थरथरत होतं, खांब तळाशी वितळल्यासारखे हलत होते. बुद्धी अजून काम करत होती. ती बारीक आवाजात सांगत होती, की हे मृगजळ आहे, ही थकव्याची लक्षणं आहेत, खाली जा आणि बायकोला घरी ने. खाली जा, हे तिचं बरोबर होतं. पण सरांना इअरफोन काढवेना. सात वर्षांत ती त्यांच्याशी या आवाजात बोलली नव्हती.

"तुम्ही थांबलात," ती म्हणाली.

"थांबलोच की. जाणार कुठं?"

ती दोघं गाडीत गप्प बसली होती, आणि त्यांच्या गप्प बसण्यात काहीही अडलेलं नव्हतं. सरांनी माइकचं बटण दाबलं. शकिला, असं म्हणायला तोंड उघडलं. मग बटण सोडून दिलं. हाक मारली आणि तिनं विचारलं, कोण बोलतंय, तर?

"तो बघ," माणूस हलकेच म्हणाला. "आला."

मागचं दार उघडलं.

शकिलाबाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. तो रडण्याचा नव्हता आणि हसण्याचाही नव्हता. चाळीस वर्षांच्या संसारात सरांनी तो एकदाच ऐकला होता, पनवेलच्या एका दवाखान्यात, पहाटे, बंद दाराच्या अलीकडून.

दार हळू लागलं. एक तरुण आवाज अगदी साध्या सुरात म्हणाला, "अम्मा, सीट जरा पुढं घे ना, पाय मावत नाहीत." मग इंजिन सुरू झालं, आणि लाइन मेली. कापसासारखी शांतताही गेली. कानात आता काहीच नव्हतं, नुसती तुटलेली वायर असते तसं.

सरांनी झरोक्याला डोळा लावला. फाटकाकडं धुळीचा एक लोट सरकत होता. त्या धुळीत पांढरं काहीतरी वळलं. उजव्या बाजूनं एक हात बाहेर आला, तळवा खाली करून, सावकाश, काळजीपूर्वक. मागं एकही गाडी नसताना वळणाची खूण करणारा हात. पूर्ण बाहीचा, मनगटाशी बटण लावलेला.

सरांनी स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं नाही.

७

सर जिना उतरून खाली आले. खुर्ची जागेवर होती. तिच्याभोवतीच्या मऊ धुळीत शकिलाबाईंच्या चपलांचे ठसे खुर्चीपर्यंत आलेले होते. पुढं नव्हते.

गोटीराम फाटकाची साखळी पुन्हा अडकवून येत होता. सरांना बघून तो थबकला. त्याच्या हातातला पाना खाली आला.

"सर, तुमी परत कशाला आलाव?"

सरांनी विचारलं, बाई कुठं आहेत.

"बाई?" गोटीराम चाचरला. "तुमीच नेलंत ना आत्ता. मी फाटक उघडलं. घरी जातो म्हनलात, काम झालं म्हनलात." त्यानं फाटकाकडं पाहिलं, पुन्हा सरांकडं पाहिलं. "बरं दिसत व्हता तुमी. मी मनात म्हनलं पन, सरांचा थकवा गेला आज."

"कितीजण होतो आम्ही?"

गोटीराम एक पाऊल मागं सरला. सोळा वर्षांच्या ओळखीचा माणूस त्यांच्याकडं असा बघत होता, जसं कुणी अंधाऱ्या घरात हललेल्या पडद्याकडं बघतं. मग त्यानं हळूच तीन बोटं दाखवली.

सर खुर्चीवर बसले. किती वेळ बसले, ते त्यांना कळलं नाही. दीड वाजला असावा, कारण केतनची माणसं पहारी घेऊन आली आणि पहिल्या ओळीपासून तार ओढू लागली. जमीन शिवण उसवल्यासारखी फाटत होती. केतननं लांबून हात केला. सरांनी केला नाही. त्यांच्या डोक्यात एकच हिशोबी विचार हळूहळू वर येत होता. तळवलीहून वाशी. मोटारीनं वीस मिनिटं. म्हणजे ते आता पोचले असतील.

फाटकाच्या केबिनमधला फोन कुणी तोडायला आलं नव्हतं. त्यांनी धुळीनं माखलेला रिसीव्हर उचलला आणि घरचा नंबर फिरवला. फिरवताना त्यांना कुणी उचलू नये असंही वाटत होतं, आणि उचलावा असंही.

तिसऱ्या घंटेला फोन उचलला गेला.

"हॅलो. धनसे बोलतोय."

मागं भांड्यांचा आवाज येत होता. तेलात काहीतरी चुरचुरत होतं. शकिला कुणालातरी, हात धुऊन बस, म्हणून दटावत होती, आणि दटावता दटावता हसत होती. सरांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. त्यांना बोलायचं नव्हतं. नुसतं ऐकायचं होतं, जरा वेळ.

"हॅलो?" तिकडचा आवाज पुन्हा म्हणाला. मग तोही गप्प झाला. तोही ऐकत होता. सरांना त्याचा श्वास ऐकू येत होता आणि त्यालाही त्यांचा ऐकू येत असणार. तो ओळखील, असं सरांना वाटलं. ध्वनीतला माणूस, ओळखीलच.

"अब्बा, कुणाचा फोन आहे?" मागून मुझम्मिलनं विचारलं.

तिकडच्या माणसानं थोडा वेळ घेतला.

"कुणाचा नाही," तो म्हणाला, आणि फोन हळू ठेवून दिला.